हाकेला ओ

म्हात्रेकाका कुजबुजायचे तेव्हा लिफ्टमधली माणसं दचकायची. मोठ्याने बोलायचे तेव्हा काय होत असेल, ते तुम्हीच समजून घ्या. मरीन परेडच्या आमच्या ब्लॉकमध्ये ते चौथ्या मजल्यावर आणि मी अकराव्या. तरी काकूंनी आज आमटीत मीठ जास्त घातलंय, ही बातमी मला घरबसल्या मिळायची. "आई, म्हात्रे अंकल सो लाउड ला," असं माझा मुलगा कानावर उशी दाबून म्हणायचा, आणि मी त्याला दटावायची. दटावताना मलाही हसू यायचं, ते वेगळं.

सिंगापूरसारख्या ठिकाणी असा आवाज घेऊन माणूस तीस-पस्तीस वर्षं राहिला कसा, याचंच मला नवल वाटायचं. इथे शेजाऱ्याच्या घरात खुर्ची सरकली तरी लोक चिठ्ठी चिकटवतात. तांजोंग पगारला एका बँकेत ते ऑपरेशन्समध्ये होते. तिथे त्यांना दाराची केबिन मिळाली, ती बढती म्हणून नव्हे, तर बाकीच्या मजल्याला काम करता यावं म्हणून. "लोक जन्मभर घासतात तरी केबिन मिळत नाही," ते छाती फुगवून सांगायचे, "मला नरड्यावर मिळाली." काकू शेजारी बसून भाजी निवडत म्हणायच्या, "अहो, ते सांगायलासुद्धा एवढं ओरडायची गरज नाहीये."

त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर लिम अंकल नावाचे एक म्हातारे चिनी गृहस्थ राहायचे. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, आज ना उद्या हे अंकल तक्रार करणार. एक दिवस ते खरंच वर आले, बेल वाजवली, आणि काकांना म्हणाले, "धिस ब्लॉक, यू ओन्ली आय कॅन हिअर." त्यांचे कान गेले होते. पोरं परदेशी होती. सगळा दिवस त्यांच्यासाठी मुका असायचा, आणि त्यात एकट्या म्हात्र्यांचा आवाज त्यांना पोचायचा. मग काय, दोघं रोज सकाळी हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला जायला लागले. काकांच्या इंग्रजीत मराठी आणि अंकलच्या इंग्रजीत चिनी. दोघांच्या टेबलाजवळ तिसरं कोणी बसायचं नाही.

हा आवाज कुठून आला, तेही सांगायला पाहिजे. काकांचं गाव अलिबागकडे, खाडीच्या पलीकडे. शाळा खाडीच्या अलीकडे. होडीवाला नेहमी नेमका नको त्या काठाला. मग काठावर उभं राहायचं आणि हाक मारायची. त्यांची आई सांगायची, हाक नरड्यातून मारायची नाही, बेंबीच्या देठापासून मारायची. पाण्यावरून ती जायची, आणि पलीकडून होडीवाल्याची ओ यायची. होडी यायला अजून कितीही वेळ लागो, ओ आली की यांचा जीव भांड्यात पडायचा.

"हाक ऐकलीस ना? मग ओ द्यायची. मदत करता येईल न येईल, ते मागाहून बघू," असं ते येताजाता म्हणायचे. हा त्यांचा एकमेव नियम. त्यांना मेसेज पाठवला की ते उत्तर लिहायचे नाहीत, फोनच करायचे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी कितीदा त्या फोनमुळे तोंडघशी पडले असेन! पण फोन यायचाच.

मला या नियमाची किंमत लिफ्टमध्ये कळली. आम्ही नवीनच आलो होतो, एम्प्लॉयमेंट पास नवा, शहर नवं, आणि बंद जागेत माझा जीव घाबरतो हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, आणि लिफ्ट मध्येच बंद पडली. अंधार. मी ती लाल घंटा दाबली, पलीकडून कोणीतरी बाई शांतपणे काहीतरी इंग्रजीत सांगायला लागली, पण मला एक अक्षर कळेना. इंजिनिअर बाई मी! शेवटी गळा काढून मराठीत ओरडले, "अहो, कोणी आहे का?"

आणि खालून कुठूनतरी आलं, "ओ ऽऽऽ!"

त्या एका अक्षराने माझ्या जिवात जीव आला. मग लिफ्टवाले येईपर्यंत काका दाराच्या फटीला तोंड लावून माझ्याशी बोलत राहिले. पिशवीत काय आहे? पडवळ? इथे कुठे मिळालं पडवळ? डाळ घालणार की नुसतं परतणार? मी अंधारात रडत रडत पडवळाची पाककृती सांगत होते. बाहेर आले तेव्हा सगळा मजला जमला होता, आणि काका म्हणाले, "चण्याची डाळ घाल हो, मुगाची नको." त्या दिवसापासून ते माझे काका झाले.

आमच्या मराठी लोकांच्या गणपतीत तर त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. भाड्याचा हॉल, ठरलेल्या वेळेला रिकामा करायचा, ढोल वाजवायचे नाहीत, असे सतरा नियम. पण आरती संपली, की मागच्या भिंतीपाशी उभे असलेले म्हात्रेकाका श्वास घ्यायचे, आणि "गणपती बाप्पा ऽऽऽ" असा गजर निघायचा, की एसीच्या जाळ्या थरथरायच्या. आणि आम्ही सगळे "मोरया!" इथे जन्मलेली पोरं, जी 'वाटी दे' म्हटलं तर चमचा आणतात, तीसुद्धा टाचा उंचावून "मोरया!" दुसऱ्या कोणी गजर केला तर पोरं इकडेतिकडे बघायची. ती हाक काकांचीच, हे ठरून गेलेलं होतं.

असा माणूस निवृत्तीनंतर फोटोग्राफीकडे वळला. तीही पशुपक्ष्यांच्या! आम्ही हसून हसून लोळलो. कुलकर्ण्यांचा समीर, जो आमच्या फोटोवाल्या गटाचा स्वयंघोषित पुढारी होता, तो म्हणाला, "काका, तुम्ही आलात तर पक्षी मलेशियात जातील." काका रागावून निघून गेले नाहीत. त्यांनी मनावर घेतलं. काकूंच्या देवघरातली खडीसाखरेची पितळी डबी उचलली आणि एक युक्ती काढली. तोंडात एक खडा ठेवायचा. चावायचा नाही. खडा आहे तोवर तोंड बंद. विरघळला की दुसरा.

आणि खरं सांगते, युक्ती लागू पडली. ईस्ट कोस्टच्या पार्कमध्ये पहाटे खंड्याची वाट बघत हा माणूस गाल फुगवून तासन्‌तास बसून राहायचा. हूं नाही की चूं नाही. आम्हालाही खडे वाटायचा. सहलीची सुरुवात त्या डबीने व्हायची. काका एकेकाच्या हातावर खडा ठेवायचे, आणि बोट ओठांवर. काकू म्हणायच्या, "चाळीस वर्षांच्या संसारात हे मला आधी का सुचलं नाही!"

साबाला जायचं समीरनेच काढलं. बोर्निओ बेटावर, नदीकाठी, बुटके हत्ती येतात, माद्या आणि त्यांची पिल्लं, आणि नावेतून त्यांचे फोटो काढता येतात. चांगी विमानतळावरून दोन विमानं, मग लाल रस्त्याने व्हॅन. गणपती महिनाभरावर आलेले. तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात तेच. या वर्षी हॉलमध्ये आपल्या हत्तींच्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं, असंही विमानातच ठरलं. आम्ही सहाजण होतो. काका, काकू, समीर आणि त्याची बायको, मी आणि माझा नवरा.

आमचा नावाडी रोस्ली नावाचा, त्याच नदीवर वाढलेला, फार कमी बोलणारा. नावेत बसताना त्याने तीनच गोष्टी सांगितल्या. उभं राहायचं नाही, आवाज करायचा नाही, आणि हत्ती पाण्यात उतरले तर त्यांना आधी जाऊ द्यायचं. काकांनी खिशातली डबी काढून त्याच्याही हातावर खडा ठेवला. रोस्ली पहिल्यांदा हसला तो तेव्हा. दुपारी एका चिखलाच्या काठावर मगर पडलेली दिसली, ओंडक्यासारखी. काकूंनी नावेबाहेर टाकलेला हात आत घेतला.

आणि संध्याकाळच्या आधी, उन्हं तिरपी झाल्यावर, ते दिसले. उंच गवत हललं आणि त्यातून एक कपाळ बाहेर आलं. मग दुसरं. रोस्लीने इंजिन बंद केलं, आणि नाव आपोआप वाहत त्यांच्या समोर आली. आपल्याकडच्या हत्तींपेक्षा हे लहान, गोल तोंडाचे, शेपट्या पार जमिनीला टेकायला आलेल्या. माद्याच माद्या, आणि त्यांच्या पायांत पिल्लं. एक तर इतकं लहान, की आईच्या पोटाखालून इकडून तिकडे सहज जात होतं. त्याला सोंडेचं काय करायचं हेच कळत नव्हतं. गवताला लावून बघायचं, स्वतःच्या पायावर टाकायचं, तोंडात घालून चोखायचं. आई खात खात मागच्या पायाने त्याला जवळ ओढायची. मी कॅमेरा डोळ्याला लावला होता, पण डोळे भरून आल्याने काही दिसत नव्हतं.

काका नावेच्या नाकावर बसलेले. गाल फुगलेला. बटण दाबतानाही बोट हलकं. एकदा मागे वळून त्यांनी आमच्याकडे बघितलं, आणि त्या चेहऱ्यावर जे होतं ना, ते मी कधी विसरणार नाही. लहान पोराचा आनंद हो नुसता.

मग कळप नदी ओलांडायला लागला. दोघी-तिघी आधी उतरल्या, नुसती डोकी आणि सोंडा पाण्यावर. ती आई उतरली. चार पावलं आत जाऊन थांबली, मागे बघितलं. पिल्लू काठावर. एक पाय पाण्यात घातला, काढला, पुन्हा घातला. आईने काहीतरी आवाज केला, कानाला जेमतेम ऐकू येणारा, पण नावेच्या फळीतून मांडीला जाणवणारा. ते उतरलं. पोटापर्यंत पाणी आलं, गळ्यापर्यंत आलं, आणि बुडू नये म्हणून त्याने ती एवढीशी सोंड सरळ आभाळाकडे उचलली. मागून ऊन. सोंडेच्या टोकावर थेंब.

खडा कधी विरघळला, काकांनाही कळलं नसेल. डबी काकूंच्या पर्समध्ये गेलेली होती. काकांनी दोन्ही हात वर केले, आणि बेंबीच्या देठापासून, खाडीच्या पलीकडे जाईल अशी हाक निघाली.

"गणपती बाप्पा ऽऽऽ!"

आणि आम्ही. आम्ही सगळ्यांनी, एका सुरात, "मोरया!"

याला काय म्हणावं? कोणी ठरवलं नव्हतं. जन्मापासून ते दोन शब्द कानावर पडले की तिसरा तोंडातून जातोच. मी कॅमेरा खाली ठेवून, चांगला हात उंचावून ओरडले. समीर ओरडला, त्याची बायको ओरडली, माझा कधी देवळात न जाणारा नवरा ओरडला. पाण्यावरून तो आवाज पलीकडच्या झाडांवर आपटून परत आला.

पुढचं सगळं क्षणात झालं. काठावरचे हत्ती किंचाळत गवतात घुसले. झाडं मोडल्याचे आवाज आले. पाण्यातल्या माद्या दुसऱ्या काठाकडे सुटल्या, त्यांच्यात ती आईही. आणि पिल्लू उलटं फिरलं, आलं त्याच काठाला. चिखलावरून वर चढायला गेलं आणि घसरलं. पुन्हा चढलं, पुन्हा घसरलं. मध्ये नदी, आणि नदीत आम्ही.

रोस्लीने स्वतःच्या भाषेत काहीतरी शिवी हासडली. इंजिन लावलं नाही, त्या आवाजाने हत्ती आणखी घाबरले असते. वल्ह्याने नाव मागे, खालच्या वळणाकडे न्यायला लागला. आई पलीकडच्या काठावर पोचून वळली होती. पुढे यायची, आमची नाव बघून मागे जायची. आणि अलीकडून ते पिल्लू ओरडत होतं. त्याच्या हाकेची मी कशाशी तुलना करणार नाही. हाक होती, बस्स. थांबून थांबून, पुन्हा पुन्हा.

वळणामागे आम्ही बसून राहिलो. दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. अंधार पडायच्या आत परत जायचा नियम. काका रोस्लीला म्हणाले, "मदर विल कम, नो?" इतक्या हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं. रोस्ली पाण्याकडे बघत म्हणाला, "मेबी." निघालो तेव्हा पिल्लू ओरडतच होतं. नंतर इंजिनच्या आवाजात ते ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काकांनी नाव काढायला लावली. कॅमेरा घेतला नव्हता. त्या काठावर चिखलात घसरल्याचे लहान ओरखडे होते, वरपर्यंत गेलेले नव्हते. पलीकडे मोठ्या पायांचे ठसे, येरझाऱ्या घातलेले. हत्ती कुठेच नव्हते. रोस्ली म्हणाला, रात्रीतून आई येऊन घेऊन गेली असेल, असं पुष्कळदा होतं. मगरीचं नाव त्याने काढलं नाही, आणि आम्हीही नाही.

सिंगापूरला परतलो तर समीरचा व्हिडिओ आमच्या आधी पोचलेला. नावेतून तो सगळा वेळ शूटिंग करत होता. हत्ती, पिल्लू, ती वर गेलेली सोंड, काकांचा गजर, आमचं मोरया. आणि तिथेच कापलेला. पुढचं किंचाळणं नाही, चिखल नाही, काही नाही. आमच्या गणपती मंडळाच्या ग्रुपवर हात जोडल्याची आणि डोळ्यांतून पाणी आल्याची चित्रं नुसती ओसंडून वाहत होती. 'अंगावर काटा आला!' 'जंगलातसुद्धा बाप्पा!' 'काका, तुम्ही धन्य!' काकांनी समीरला फोन केला, तो व्हिडिओ काढून टाक म्हणून. समीर म्हणाला, "अहो काका, लोकांना केवढा आवडलाय! जाऊ द्या ना." काढला नाही. मीही त्याला काही बोलले नाही. पुण्याहून माझ्या आईने तो मला परत पाठवला, 'तू कित्ती छान दिसतेयस' असं लिहून. आणि मी तिला आभाराचं चित्र पाठवलं.

त्या महिन्यात काकांचा आवाज बसला. म्हणजे डॉक्टरकडे जावं असं काही नव्हतं. ते बोलायचेच कमी. लिम अंकल मला लिफ्टमध्ये विचारायचे, "म्हात्रे गो वेअर? हॉलिडे?" एका रविवारी ईस्ट कोस्टच्या बाकावर काका एकटे दिसले, समोर समुद्रात जहाजं थांबलेली. मी शेजारी बसले. त्यांनी फोन पुढे केला. रोस्लीने एका कळपाचा फोटो पाठवला होता, त्यात बरीच पिल्लं, आणि खाली लिहिलेलं, 'हे असेल बहुतेक.'

"काकू म्हणते, हेच ते," काका म्हणाले. "तुला काय वाटतं?"

मी मोठा करून बघितला. मला सगळी सारखीच दिसली. तरी म्हटलं, "हो काका, हेच."

"नको गं," ते म्हणाले. "तू तरी नको. मी त्या दिवशीचे माझे सगळे फोटो बघितले. कान कसा आहे, शेपूट कशी आहे, काही घेतलेलंच नाही. नुसती सोंड. मी बाप्पा बघत होतो, मंजिरी. ते पिल्लू मी बघितलंच नाही." मग जहाजांकडे बघत म्हणाले, "आईला हाक मारत होतं ते. आणि मध्ये मी बसलेलो."

मला म्हणायचं होतं, की मध्ये आपण सगळे बसलो होतो. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण म्हटलं काय, तर, "उशीर झाला काका, चला, काकू वाट बघत असतील."

गणपतीत मंडळाने म्हात्रेकाकांचा सत्कार ठरवला. आधी मोठ्या पडद्यावर तो व्हिडिओ, मग शाल-श्रीफळ, मग आरती. भिंतीवर आमचे हत्तींचे फोटो टांगलेले, खाली नावांच्या पट्ट्या. माझाही एक होता, चौकटीत घालून आणलेला. नको म्हणायचं धाडस मला झालं नव्हतं, आणि खरं तर फोटो चांगला आला होता. व्हिडिओ संपला तेव्हा अख्खा हॉल आपणहून "मोरया!" म्हणाला. टाळ्या थांबेनात. अध्यक्षीणबाईंनी शाल उलगडली.

काकांनी हात जोडले आणि ती शाल अडवली. कोणीतरी माइक दिला. या माणसाने आयुष्यात माइक धरला नव्हता, तो कसा धरतात हेच त्यांना माहीत नव्हतं. छातीपाशी धरून ते काहीतरी बोलले.

"काका, मोठ्याने!" मागून पोरं ओरडली. "ऐकू येत नाहीये!"

म्हात्र्यांना मोठ्याने बोला म्हणायची वेळ आली होती. समीरच्या बायकोने माइक त्यांच्या तोंडाशी नेला.

"तुम्ही बघितलंत ते अर्धं आहे," काका म्हणाले. "मी ओरडलो, म्हणून कळप उधळला. आई एका काठाला गेली, पिल्लू दुसऱ्या. ते चिखलात होतं आणि हाका मारत होतं. अंधार पडला म्हणून मी त्याला तसंच टाकून आलो. त्यांची गाठ पडली की नाही, मला माहीत नाही. मला लाज वाटते. ही शाल मी घेऊ शकत नाही."

ते 'मी' म्हणाले. प्रत्येक वाक्यात मीच. 'आम्ही' हा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही. आणि बोलून झाल्यावर त्यांनी समोर बघितलं, पहिल्या रांगेत, जिथे नावेतले आम्ही सगळे नवे कपडे घालून बसलो होतो. रागाने नाही हो. होडीची वाट बघणारा माणूस पलीकडच्या काठाकडे बघेल, तसे बघत होते.

काकू उठल्या. पैठणीचा पदर सावरत, त्या भरलेल्या हॉलमध्ये, माइकशिवाय म्हणाल्या, "मीपण ओरडले होते."

बस्स, त्या एकट्या. समीर फोनमध्ये काहीतरी शोधायला लागला. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी मांडीवरच्या पर्सची चेन उघडली, आणि पुन्हा लावली. उठायला काय लागत होतं? दोन पाय. पडवळ कसं करतात ते अंधारात रडत सांगणारी मी, मला भर उजेडात दोन शब्द फुटले नाहीत. लोक काय म्हणतील, व्हिडिओत आपला हात सगळ्यात उंच दिसतोय, भिंतीवर आपला फोटो आहे, असलं काहीबाही डोक्यात घोळत राहिलं, तोवर वेळ निघून गेली.

अध्यक्षीणबाई सावरून म्हणाल्या, "बघा, काकांचं मन किती मोठं आहे! एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या!" आणि टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

आरती झाली. सवयीने सगळ्यांच्या माना मागच्या भिंतीकडे, तिथे जाऊन उभ्या राहिलेल्या काकांकडे वळल्या. पोरं टाचा उंचावून तयार. काकांनी खिशातून पितळी डबी काढली, एक खडा तोंडात ठेवला, आणि हात जोडून मूर्तीकडे बघत उभे राहिले. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की एसीचा आवाज ऐकू आला. शेवटी समीरने माइकमध्ये गजर केला, माइक कर्कश वाजला, आणि आम्ही सगळे मोरया म्हणालो. माझ्याही तोंडातून ते गेलंच.

दिवाळीनंतर काका-काकूंनी फ्लॅट विकायला काढला आणि ते गावी परत जायला निघाले. कारण विचारलं की काकू म्हणायच्या, "आता वय झालं, घराची ओढ लागते." निरोपाचं जेवण झालं, सगळे आले, खूप हसलो, हत्तींचा विषय कोणी काढला नाही. काका सगळ्यांशी प्रेमाने बोलले, माझ्याशीही. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सुखी राहा." त्यांनी जरा तरी रागावायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

त्यांच्या जायच्या दिवशी मी मुद्दाम ऑफिसला उशिरा जायचं ठरवलं, आणि तरी खाली जायला पाय उचलेना. अकराव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमधून मी बघत होते. टॅक्सीत बॅगा चढत होत्या. लिम अंकल काठी टेकत खाली आले होते. काका वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. अंकल मान हलवत राहिले, कानामागे हात धरून, ऐकू येत नाही म्हणून. काकांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. शेवटी काकांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि नुसते उभे राहिले.

मग ते टॅक्सीकडे वळले, आणि माझ्याने राहवेना. मी कठड्यावरून वाकले आणि ओरडले. या देशात इतक्या वर्षांत मी कधी ओरडले नव्हते तशी, बेंबीच्या देठापासून.

"काका ऽऽऽ! मीही ओरडले होते! मीही होते तिथे!"

कॉरिडॉरमधली दारं उघडली. कोणीतरी चिनी बाई बाहेर येऊन माझ्याकडे बघायला लागली. खाली काका थबकले. वर बघितलं, कपाळावर हात धरून, मजले शोधत, आणि त्यांना मी दिसले. त्यांचा एक गाल फुगलेला होता. खडा चघळतच ते निघाले होते.

अकरा मजल्यांवरून मला त्यांच्या ओठांचा गोल झालेला दिसला. आवाज मात्र माझ्यापर्यंत पोचला नाही.